पाव फेरा डावीकडे

पिकअपचं ट्यूनिंग गॅरेजमध्ये न देता घरीच करायचं, हा निर्णय बाबांनी दात घासता घासता घेतला. (घरातले सगळे मोठे निर्णय बाबा तोंडात फेस असतानाच घेत. कुणाला नीट ऐकू येत नसे, त्यामुळे विरोधही होत नसे.)

धाकट्याला मात्र ऐकू आलं. तो खांद्यावर टॉवेल टाकून बेसिनपाशी नंबर लावून उभा होता, आणि त्याचं सगळं पुढचं आयुष्य त्या पिकअपला टांगलेलं होतं.

झालं होतं असं. शहराच्या टोकाला हॉस्पिटलांच्या चादरी धुणारी एक मोठी लाँड्री होती. तिथल्या मालकीणबाईंना चादरींची गाठोडी ने-आण करायला गाडीसकट माणूस हवा होता, आणि कामाबरोबर लाँड्रीच्या डोक्यावरची एक खोली मिळणार होती. खोली म्हणजे खोकंच. भिंतींना पोपडे, खालून चोवीस तास वाफ, खिडकीतून समोरच्या गोदामाचा पत्रा. पण दाराला आतून कडी होती. धाकट्याने खोली बघायला जाऊन फक्त ती कडी बघितली. आत जाऊन ती लावली आणि पाच मिनिटं नुसता उभा राहिला. शेवटी बाईंनी दार ठोठावून विचारलं, "पसंत आहे की अडकलात?"

घरी एकाही दाराला कडी नव्हती. बाबांनी त्या कधीच्याच उचकटून काढल्या होत्या. "घरात लपवण्यासारखं काय असतं?" हे त्यांचं म्हणणं. असायचं ते सगळं मग घरभर पडलेलंच असायचं. धाकट्याने कॉलेज सोडलेलं, थोरला कामासाठी गेला तो फोनसुद्धा करत नसलेला, आणि काका महिन्याभरासाठी म्हणून राहायला येऊन चार वर्षं झालेली.

बाईंची अट एकच. गुरुवारी दुपारी बाराच्या आत गाडीचं तपासणी प्रमाणपत्र टेबलावर हवं. हॉस्पिटलवाले त्याशिवाय गाडी फाटकातून आत घेत नाहीत. आणि पिकअपच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा गेले चार महिने ठाण मांडून बसला होता. दिवा पेटलेला असला की तपासणी केंद्रात गाडीकडे कुणी बघतसुद्धा नाही. म्हणून धाकट्याने हातापाया पडून गॅरेजमध्ये सोमवारची वेळ मिळवली होती.

"ती मी रद्द केली," बाबा चूळ भरून म्हणाले. "घरात मेकॅनिक असताना बाहेर कशाला जायचं?"

"बाबा, तुम्ही कार्बोरेटरचे मेकॅनिक. ही इंजेक्शनची गाडी आहे."

"इंजिन ते इंजिन. पेट्रोल पितं ना? मग झालं."

बाबांनी एकतीस वर्षं टॅक्सींच्या डेपोत इंजिनं सुधारली होती. तिथे त्यांच्या कानाचा म्हणे दरारा होता. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची, डोळे मिटायचे, आणि आत काय बिनसलंय ते सांगायचं. त्या कानाच्या गोष्टी ऐकतच धाकटा मोठा झाला. पण त्याच कानाला शेजारच्या खोलीत रडणारा पोरगा कधी ऐकू आला नव्हता. (धाकट्याने हे एकदा बोलून दाखवलं होतं. तेव्हाही ऐकू आलं नाही.)

रविवारी आंघोळी उरकल्यावर बॉनेट उघडलं. बाबा स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून वाकले. काका शेजारी स्टूल टाकून बसले. काका पाइपाच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि जिथे दुसरा कुणी राबत असेल तिथे स्टूल टाकून बसायची त्यांची सवय मात्र अजून नोकरीत होती.

"डावीकडे जड बोलतोय," बाबा डोळे मिटून म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं, दादा," काका म्हणाले. त्यांनी अजून चष्माही लावला नव्हता.

बाबांना एक स्क्रू सापडला. इंजिनात हवा जाते त्या तोंडाशी बसवलेला, डोक्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका मारून पक्का केलेला. बाबांचा चेहरा उजळला. एवढ्या नळ्या आणि वायरींच्या जंजाळात निदान एक तरी ओळखीचं माणूस भेटलं होतं.

"बाबा, तो फिरवायचा नसतो. त्यावर कंपनीने सील लावलंय."

"सील कशाला लावतात?"

"कुणी हात लावू नये म्हणून."

"कुणी म्हणजे ज्याला येत नाही त्याने," असं म्हणून बाबांनी नखाने ठिपका खरवडला आणि स्क्रू पाव फेरा डावीकडे फिरवला.

इंजिन क्षणभर घुटमळलं, आणि मग हळूच होतं तिथे परत आलं. बाबांनी आणखी पाव फेरा दिला. पुन्हा तेच. जरा घुटमळल्यासारखं, आणि मग आपलं पहिल्यासारखं, शांत, एका लयीत.

"हा ऐकत नाहीये," बाबा म्हणाले.

"आत कॉम्प्युटर आहे, बाबा. तुम्ही इकडून हवा कमी केलीत की तो तिकडून वाढवतो."

"कुणाला विचारून?"

"त्याला कुणाला विचारावं लागत नाही."

बाबांनी सरळ उभं राहून इंजिनाकडे जी नजर टाकली, ती धाकट्याच्या चांगल्या ओळखीची होती. कॉलेज सोडून आला त्या दिवशी तीच नजर त्याच्यावर पडली होती. आता ती वाटून घ्यायला कुणी तरी मिळालं, एवढंच.

दुपारच्या जेवणापर्यंत बाबांनी तो स्क्रू एकूण सात वेळा फिरवला. इंजिनाने सातही वेळा समजूतदारपणे सावरून घेतलं. चूक कुणाची ते न सांगता गुपचूप निस्तरणारं असं घरात आईशिवाय कुणी नव्हतं.

आई तेवढ्यात वाळलेले कपडे घेऊन गाडीमागून चालली होती. "मागे पेट्रोलचा वास येतोय," ती म्हणाली.

"पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचाच येणार," बाबा म्हणाले. काका हसले. धाकटाही हसला. (खोटं कशाला सांगा, हसला.)

आईने कपडे आत ठेवले आणि टाकीचं झाकण उघडून बघितलं. झाकणाच्या आतलं रबर चिरून पार चिंध्या झालं होतं. तिने स्वयंपाकघरातून एका रिकाम्या बरणीच्या झाकणाची रबरी रिंग आणली, अंगठ्याने दाबून बसवली आणि झाकण पिळून घट्ट केलं. कुणाला सांगायला गेली नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

सोमवारी काकांनी सूत्रं हातात घेतली. त्यांचं निदान होतं प्लगचं. चारही प्लग त्यांनी काढवून घेतले (म्हणजे काढले धाकट्याने, काका स्टुलावर), काचकागदाने घासवून घेतले, आणि मग खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढलं. निवृत्तीच्या महिनाभर आधी त्यांना 'उपमुख्य पर्यवेक्षक (प्रभारी)' अशी बढती मिळाली होती आणि त्या भरात त्यांनी पाचशे कार्डं छापून घेतली होती. वाटायला माणसं मिळाली वीसेक. उरलेली कार्डं काका आता टेबलाच्या लंगड्या पायाखाली, दातांच्या फटीत आणि वादात पुरावा म्हणून वापरत.

"कार्ड तीनपदरी केलं की प्लगची गॅप बरोब्बर येते," ते म्हणाले.

"काका, गॅप मोजायची पट्टी मिळते."

"ती पट्टी कोण छापतं? कुणीतरी ऑफिसातलाच ना? मग हे कार्डही ऑफिसातलंच आहे."

अशा रीतीने चारही प्लगांच्या टोकाशी एकेक उपमुख्य पर्यवेक्षक येऊन गेला. इंजिन सुरू झालं. दिवा होता तसाच पेटलेला.

धाकटा आत जाऊन पलंगावर पडला आणि छताकडे बघत राहिला. त्याला रागही नीट येईना. या माणसांनी त्याला आयुष्यभर सांगितलं की रांगेत उभा राहा, मोठ्यांचं ऐक, सगळं मिळेल. तो रांगेत उभा राहिला. रांगेच्या टोकाला गेल्यावर कळलं की खिडकी कधीचीच बंद झालीय आणि हे सगळे आपापलं घेऊन घरी येऊन झोपलेत. आता उरलेली एक कडी लावलेली खोली, तीसुद्धा यांना कानाने आणि कार्डाने तपासायची होती.

मंगळवार तसाच गेला. रोजच्याप्रमाणे काकांना खांद्याच्या व्यायामाला दवाखान्यात नेलं, परत आणलं. बाबा वाटभर खिडकीच्या दांडीला स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकत होते.

आणि बुधवारी सकाळी दवाखान्याच्या दारात धाकट्याने गाडी सुरू केली, तर दिवा पेटलाच नाही.

तिघंही डॅशबोर्डकडे बघत राहिले.

"स्क्रू," बाबा म्हणाले.

"प्लग, दादा."

"मी रविवारी फिरवला तेव्हाच म्हटलं होतं, याला मुरायला दोन दिवस लागतील."

"कधी म्हणालास?"

"मनात म्हटलं होतं."

"मनातलं धरायचं तर मी शनिवारीच प्लग म्हटलं होतं."

घर येईपर्यंत हे चाललं. घर आल्यावर आईला साक्षीला बोलावण्यात आलं. ती गॅसपाशी उभी होती. "गेला ना दिवा? झालं तर मग," एवढंच तिने निकालपत्र वाचलं आणि पाठ फिरवली.

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. दिवा गेला होता, गुरुवार उद्यावर होता, केंद्र सकाळी नऊला उघडत होतं. पण धाकट्याला ते दोघं जेवताना दिसत होते. बाबा एकेक घास असा चावत होते की जणू कुणी फोटो काढतंय. काका फोनवर कुणा जुन्या सहकाऱ्याला सांगत होते, "हल्लीच्या पोरांना नुसती पुस्तकं. हात चालत नाही." आणि तो हात, ज्याच्या चारही बोटांची सालं प्लग काढताना निघाली होती, त्यांच्यासमोर भाजी वाढून घेत होता.

गाडी पास झाली असती तर ती खोली बाबांच्या स्क्रूमुळे मिळाली असती. त्या कडीवर रोज रात्री हात ठेवताना काकांचं कार्ड आठवलं असतं. हे धाकट्याला सहन होण्यासारखं नव्हतं.

दोन ते चार ही घरातल्या वडीलधाऱ्यांची झोपेची वेळ. दोन वाजून पाच मिनिटांनी दोन घोरणी सुरू झाली आणि धाकट्याने बॉनेट उघडलं. गेले महिनाभर त्याने मोबाइलवर याच इंजिनाचे चाळीस-पन्नास व्हिडिओ पाहिले होते. कॉलेजात तीन वर्षांत एवढं शिकला नव्हता. तिथल्या सरांनी इंजेक्शन हा धडा 'वाचून काढा' म्हणून सोडून दिला होता. त्याने स्क्रू खरवडलेल्या रंगाच्या खुणेला आणून ठेवला. पट्टी उसनी आणली होती, तिने चारही गॅप मोजून नीट केल्या. एका प्लगात कार्डाचा कोपरा राहिला होता. 'प्रभारी' एवढंच त्यावर वाचता येत होतं. एअर फिल्टर झटकला, हवेचं तोंड स्वच्छ पुसलं. आणि मग शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणून पाना घेऊन बॅटरीची वायर सोडवली.

आई दारात येऊन उभी राहिली. "हे काय करतोस?"

"कॉम्प्युटरची आठवण पुसतोय. यांच्या चुका सांभाळून सांभाळून त्याच्या डोक्यात नाही नाही ते भरलंय. अर्धा तास वीज तोडली की सगळं साफ. मग नव्याने, बरोबर शिकेल."

"अरे, पण चालतंय ना आता?"

"चुकीचं चालतंय, आई."

"बरोबर काय चाललंय या घरात?" आई म्हणाली. "तरी चालतंच आहे ना."

अर्ध्या तासाने त्याने वायर जोडली. इंजिन सुरू केलं. असा आवाज त्या गाडीतून त्याने कधी ऐकला नव्हता. बॉनेटवर भरलेली वाटी ठेवली असती तरी थेंब सांडला नसता. आयुष्यात त्याने पहिल्यांदाच एखादं काम सुरू करून शेवटाला नेलं होतं. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. आत दोन घोरणी, एक खालच्या पट्टीत, एक वरच्या.

गुरुवारी सकाळी तो एकटाच निघणार होता. पण बाबा गाडीत आधीच बसले होते, आणि काका दोघांच्या मध्ये. स्वतःच्या कामाचा निकाल ऐकायला माणूस येणारच.

"याचं घड्याळ चुकलंय," काका डॅशबोर्डकडे बघून म्हणाले. धाकट्याने ते ऐकलंच नाही असं दाखवलं. ही कला घरातूनच मिळालेली.

केंद्रावर मोठी रांग होती. पत्र्याची शेड, तेलाने काळी पडलेली फरशी, भिंतीवर 'इंजिन बंद ठेवा' आणि त्याखालीच 'इंजिन चालू ठेवा'. नंबर यायला अकरा वाजले. तपासनीस म्हणजे निळा डगला घातलेला, झोप न झालेल्या डोळ्यांचा माणूस. त्याने सायलेन्सरमध्ये नळी खुपसली, यंत्राकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या.

"एवढ्या जुन्या गाडीचा एवढा स्वच्छ धूर मी या महिन्यात बघितला नाही. ट्यूनिंग कुणी केलं?"

"मी," बाबा म्हणाले.

"मी," काका म्हणाले.

"मी," धाकटा म्हणाला. आयुष्यात एकदाच त्याचं म्हणणं खरं होतं, आणि नेमकं तेव्हाच ते तिसरं आलं.

तपासनीसाने स्टेअरिंगखाली आपल्या यंत्राची वायर जोडली. बराच वेळ त्या लहानशा पडद्याकडे बघत राहिला. मग डोकं खाजवलं.

"याला काही आठवतच नाहीये."

"म्हणजे?"

"गाडी चालताना हा कॉम्प्युटर स्वतःच्या एकेक भागाची परीक्षा घेत असतो आणि निकाल लिहून ठेवतो. ते निकाल बघून आम्ही प्रमाणपत्र देतो. इथे सगळं कोरं आहे."

"म्हणजे नापास?" धाकट्याने विचारलं.

"नापास करायला पेपर तरी लिहिलेला लागतो. बॅटरी कुणी काढली होती?"

आता 'मी' म्हणायला कुणी पुढे येईना. बाबांनी काकांकडे बघितलं. काकांनी चुकलेल्या घड्याळाकडे बघितलं, मग त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून मिटल्या, आणि त्यांनी धाकट्याकडे बोट दाखवलं.

"कुणाला विचारून?" बाबा म्हणाले.

धाकट्याने तपासनीसाला विचारलं, "काल आणली असती तर?"

"दिवा गेला होता?"

"काल सकाळीच गेला होता."

"मग काल पास झाली असती."

"पण स्क्रू चुकीचा होता. प्लगची गॅप कार्डाने लावलेली होती, साहेब. व्हिजिटिंग कार्डाने."

"तेवढं तो सांभाळून घेतो," तपासनीस वायर गुंडाळत म्हणाला. "त्यासाठीच तर बसवलाय. दिवा बहुतेक टाकीच्या झाकणाचा असणार. जुन्या गाड्यांना तेच होतं. पेट्रोलची वाफ गळली की हा दिवा लावतो, आणि झाकण घट्ट झालं की दोन-तीन दिवसांनी आपोआप विझवतो. झाकण बदललंत का?"

तिघांनीही नाही म्हणून माना हलवल्या. तपासनीसाने जाऊन झाकण उघडलं, बरणीची रिंग बघितली आणि बराच वेळ तिच्याकडे आदराने बघत राहिला. "हे ज्याने केलं, त्याला इथे आणायला हवं होतं," तो म्हणाला.

साडेअकराला धाकट्याने लाँड्रीत फोन लावला. बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. स्क्रूचं, प्लगचं, कॉम्प्युटरचं, कोऱ्या पेपरचं. इतकं शांतपणे त्याचं आजवर कुणीच ऐकून घेतलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "सगळं पटलं मला. पण एक जण सकाळपासून प्रमाणपत्र घेऊन दारात बसलाय. त्याची गाडी तुमच्यापेक्षा वाईट आहे, धूरही ओकते. पण कागद आहे. बारा वाजेपर्यंत थांबते." बारा वाजायला अर्धा तास होता, आणि तपासनीसाने हातात एक छापील कागद ठेवला होता. कोरा कॉम्प्युटर पुन्हा भरायला आठवडाभर काय काय करायचं, ते त्यावर होतं. गाडी गार असताना सुरू करा. तीन मिनिटं जागेवर चालू ठेवा. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी साठ किलोमीटर, न थांबता, ब्रेक न लावता, पंधरा मिनिटं. वेग हलला तर पुन्हा सुरुवात. हे रोज.

घरी गेल्यावर आईला सगळं सांगण्यात आलं. तिने रिंगेचं ऐकून घेतलं, कुणालाच काही बोलली नाही, आणि धाकट्यासाठी पानात एक घास जास्त वाढला. त्यापेक्षा तिचं बोलणं परवडलं असतं.

शुक्रवारी सकाळी सात वाजता पिकअप बायपासवर होती. तपासनीसाने आठवड्याची मुदत दिली होती; त्यानंतर प्रमाणपत्राशिवाय ती रस्त्यावर आणताच आली नसती आणि काकांचा खांदा तर रोजचा, त्यामुळे हे करणं भागच होतं. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, काकांचा हात वर जात नाही, म्हणून चालवायचं धाकट्याने. बाबा खिडकीशी, स्क्रू ड्रायव्हर दरवाजाला आणि मूठ कानामागे. काका मध्ये, मनगटावरचं घड्याळ आणि व्हिजिटिंग कार्ड घेऊन. कार्डाच्या मागच्या बाजूला ते मिनिटं टिपत होते. निवृत्तीनंतर इतके खूश ते कधीच दिसले नव्हते. त्यांना पर्यवेक्षण करायला मिळालं होतं.

धाकटा घराबाहेर पडला होता खरा. फक्त घर त्याच्या शेजारी येऊन बसलं होतं, दोन सीटवर, आणि पुढचे सात दिवस ते खाली उतरणार नव्हतं.

"बारा मिनिटं झाली," काका म्हणाले. "मस्त चाललंय. साठवर काटा कसा टाचून ठेवल्यासारखा आहे."

"डावीकडे अजून थोडं जड आहे," बाबा डोळे मिटून म्हणाले.

वळणावर लाँड्री आली. वरच्या खोलीची खिडकी उघडी होती. आत कुणीतरी उघड्या अंगाने उभं राहून आरामात दाढी करत होतं आणि त्याच्यामागे दार बंद होतं. धाकटा बघत राहिला. किती वेळ बघितलं ते त्याला कळलं नाही. पाय कधी उचलला गेला, तेही कळलं नाही.

"अठ्ठावन्न," काका म्हणाले. त्यांनी कार्डावरची बारा मिनिटं नीट रेघ मारून खोडली आणि कार्ड उलटं केलं. "वळव गाडी. पुन्हा पहिल्यापासून."